लाटीची राखण

माझ्या नजरेतून काही सुटत नाही! हे मी म्हणत नाही, अख्खं कफलानी गाव म्हणतं. म्हणजे, म्हणायचं. आमच्या गावजंगलाचा मी पतरौल होतो, म्हणजे राखणदार. समोरच्या डोंगराच्या धारेवर बांजाच्या झाडावर कुणी कोयता घेऊन चढलं, की मी इथून, आमच्या अंगणातल्या दगडावरून, नाव घेऊन ओरडायचो, "ए पनुली, खाली उतर!" आणि समोर कुणीतरी मुकाट्याने खाली उतरायचं. आता उतरणारी कधीकधी पनुली नसायची, दुसरीच कुणी असायची, पण तो मुद्दा नाही. झाड वाचायचं.

पुढे पतरौलकी सुटली. वय झालं, असं पंचांचं म्हणणं पडलं. त्याच सुमारास डोळ्यांचं शिबिर आलं आणि तिथल्या डॉक्टरने, मी नको नको म्हणत असताना, माझ्या हातात एक चष्मा ठेवला. तो मी घरी आणून पेटीत ठेवून दिला, लग्नातल्या फेट्याच्या घडीखाली. चांगली वस्तू रोज वापरून कशाला खराब करायची?

नोकरीची एकच खूण माझ्या अंगावर उरली, ती म्हणजे माझा लोकरीचा कोट. एके काळी हिरवा होता. आता त्याचा रंग कोणता यावर आमच्या घरात एकमत नाही. कुठे राखाडी, कुठे पांढुरका, कुठे शेवाळी, कडांना दशा लोंबतायत आणि ठिगळांवर ठिगळं चढलीयत. माझी बायको खष्टी म्हणते, "हा कोट पावसाळाभर बाहेर टांगून ठेवा, त्याच्यावर दगडफूल उगवेल. तेवढाच मसाल्याला उपयोग!" मी लक्ष देत नाही.

तर अशा अनुभवी माणसावर त्याच्या मुलीने राखणीचं काम सोपवलं, यात नवल काही नाही. नवल इतकंच की राखण करायची होती एका किड्याची!

हंसा आमची एकुलती एक. पहिल्यापासून किड्यांची वेडी. बाकीच्या मुली रानातली काफळं खायच्या, ही काफळातल्या अळ्या काडेपेटीत जमवायची. अल्मोड्याला राहून बी. एस्सी. झाली आणि आता तिला तिथल्या लोहनी मॅडमच्या हाताखाली पुढे किड्यांचाच अभ्यास करायचा होता. मॅडमकडे जागा उरली होती एक, आणि मागणारे ढीगभर. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, स्वतः शोधलेलं काहीतरी दाखवा, मग बघू.

हंसाने शोधलं, तेही आमच्या अंगणात! आमच्या जुन्या नासपतीच्या झाडावर. नासपतीच्या खोडावर, फांद्यांवर दगडफुलाचा इतका जाड थर चढला होता, की झाड कुठे संपतं आणि दगडफूल कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्यात हा नाकतोडा बसायचा. नाकतोडा नव्हे, नाकतोडी. रंग दगडफुलाचा, पायांना झालरी दगडफुलाच्या, पाठीवर खवलेसुद्धा तसेच. ती आवाजही करायची नाही. म्हणून हंसाने तिचं नाव ठेवलं लाटी. आमच्याकडे मुक्या, साध्याभोळ्या पोरीला लाडाने लाटी म्हणतात.

हंसाने फोटो काढून मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "फोटो सुंदर आहे. झाडाच्या सालीचा."

हंसाही माझीच मुलगी! तिने कळवलं, "मॅडम, तुम्ही या आणि डोळ्यांनी बघा." आणि मॅडमनी, नवरात्रीची सुट्टी होती म्हणून, खरंच नवमीला येते म्हणून कळवलं. वर एक ओळ अशीही होती, की किडा खरा असला तर जागा तुझी, नाहीतर मला दसऱ्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. त्या रात्री पोरीला भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला झाडाखाली उभं केलं.

"बौज्यू, ती बघा लाटी. त्या आडव्या फांदीवर."

मी बघितलं. फांदी होती. दगडफूल होतं. आणखी दगडफूल होतं.

"दिसली?"

आता सांगा, ज्या माणसाने उभी हयात धारेपलीकडच्या बायका ओळखण्यात घालवली, त्याने स्वतःच्या मुलीपुढे काय म्हणावं? मी म्हणालो, "दिसली म्हणजे काय! केवढी मोठी आहे!"

"मोठी कुठे? बोटाएवढी तर आहे."

"बोटाएवढीच म्हणतोय मी! बोटाच्या मानाने मोठी!"

हंसा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी नसताना तिची राखण तुम्ही करायची. आणि कुणाला सांगायचं नाही. आमाला तर मुळीच नाही."

आमा म्हणजे माझी आई. सगळं गाव तिला आमा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. तिला एखादी गोष्ट सांगितली की ती दुपारपर्यंत नदीपलीकडे पोचते. गाव बघायला लोटलं असतं तर लाटी उडूनच गेली असती. मी कुणाला सांगितलं नाही. इतकं चोख गुपित राखलं, की पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला.

त्या दिवसापासून मी रोज झाडाखाली बसू लागलो. समोरच्या फांदीवरचा, जरा तोंडावळा असलेला, दगडफुलाचा एक तुकडा मी पक्का केला आणि तीच लाटी असं मनाशी ठरवून टाकलं. सकाळी तिला रामराम करायचो. संध्याकाळी हंसाला अहवाल द्यायचो. "आज जरा सुस्त होती." "आज खुशीत होती, मिशा हलवत होती." हंसा ऐकून घ्यायची आणि "हो का?" म्हणायची. पोरगी गुणी आहे.

नवमी उजाडली. हंसा मॅडमना आणायला खाली मोटाररस्त्यापर्यंत निघाली. खष्टी होमाच्या तयारीला देवीच्या देवळात गेली होती. निघताना हंसाने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

"बौज्यू, मी येईपर्यंत झाडाला कुणी हात लावता कामा नये."

"हात? मी वारासुद्धा लागू देणार नाही! तू जा."

ती उतारावरून दिसेनाशी झाली आणि मी झाडाखाली ठाण मांडलं. ऊन चढलं. मी कोट काढला आणि नासपतीच्या खालच्या फांदीला अडकवला. सहज समोरच्या धारेवर नजर टाकली, आणि काय बघतो? लाल ओढणी! बांजावर! नवमीच्या दिवशी, सगळं गाव देवळात आहे असं बघून, कुणी बाई राजरोस बांज तोडतेय!

नोकरी गेली असेल, रक्त कुठे जाणार? मी लाटीकडे, म्हणजे माझ्या त्या तुकड्याकडे वळलो. "हा गेलो आणि हा आलो!" म्हटलं, आणि काठी उचलून पळालो. ओढा ओलांडला, चढण चढलो, छाती लोहाराच्या भात्यासारखी व्हायला लागली. वर पोचलो तर किलमोड्याच्या झुडपावर कुणीतरी लाल रजई वाळत घातलेली! शेजारी पनुली गवत कापत बसली होती.

"काय दाज्यू," ती म्हणाली, "आता रजईला दंड करता का?"

"राखण करतोय!" मी म्हटलं आणि आल्या वाटेने परत फिरलो. पाठीमागे तिचं हसणं ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं.

अंगणात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजलो. नासपतीचं झाड पांढरं झालं होतं! पांढरं म्हणजे शाळेच्या भिंतीसारखं पांढरं! खोड तासून गुळगुळीत केलेलं, हाताला येतील तेवढ्या सगळ्या फांद्या खरवडलेल्या आणि वर चुन्याचा हात दिलेला. झाडाखाली आमा उभी, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात कुंचा, नाकाला चुना.

"आमा! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? माघात सगळेच जण झाडं खरवडून चुना लावतात. मी आजच लावला. पोरीची मास्तरीण येतेय एवढ्या लांबून, आणि दारात हे खरूज झालेलं झाड! काय म्हणेल ती? कसल्या घाणेरड्या घरची मुलगी आहे म्हणेल."

झाड खरवडणं, चुना लावणं, हे आमच्याकडे घर सारवण्याइतकं साधं काम. तिला कुणी सांगितलंच नव्हतं तर तिचा काय दोष?

मी जपून विचारलं, "आमा, खरवडताना तुला काही हललेलं दिसलं का?"

"हललं ना."

"काय? कुठे?"

"माझी दाढ. डावीकडची."

"आणि ते दगडफूल कुठे आहे? झाडावरचं?"

"देवळात पाठवलं, टोपलीभर. पंडितजी म्हणत होते, होमाला दगडफूल कमी पडतंय. देवीच्या कामी आलं बघ!"

होमाला! फांदीवर तसाच राहिलेला कोट ओढला, अंगात घातला आणि देवळाची चढण धरली. पळताना डोळ्यांपुढे लाटी नव्हती, ती मला दिसलीच कुठे होती? हंसाचा तो गार हात मात्र आठवत होता.

देवळात गाव जमलं होतं. कुंड पेटलेलं. पंडित लीलाधरजी डोळे मिटून मंत्र म्हणतायत, त्यांच्या पुढ्यात परात, परातीत आमच्या नासपतीच्या दगडफुलाचा ढीग! धनीराम ढोली ढोल गळ्यात अडकवून आरतीची वाट बघतोय.

"थांबा!" मी ओरडलो.

पंडितजींनी एक डोळा उघडला. "काय झालं खीमसिंह?"

आता काय सांगू? गुपित होतं ना! मी म्हणालो, "दगडफूल बघून घ्या. ओलं आहे."

"कडकडीत आहे."

"त्यात खडे असतील."

"होमात खडे चालतात."

"अहो, ते झाडावरचं आहे!"

"दगडफूल झाडावरच येतं, खीमसिंह! खाली बस!"

मी बसलो, पण परात पुढ्यात ओढून बसलो. एक तुकडा उचलला, निरखला, बाजूला ठेवला. ही असू शकेल. दुसरा उचलला. हीसुद्धा असू शकेल! जो तुकडा उचलावा त्याला पाय असल्यासारखे वाटत होते. आठवडाभर मी ज्या तुकड्याला रामराम केला तोही त्यातच असणार, पण एवढ्या गर्दीत तोही ओळखू येईना. बघता बघता अख्खी परात बाजूला निवडून झाली आणि ढीग होता तसाच दुसरीकडे तयार झाला.

"अहो," मागून खष्टी कुजबुजली, "तांदूळ निवडताय का?"

पंडितजींचा संयम संपला. त्यांनी परात खेचली, मूठ भरली, हात कुंडावर नेला आणि "स्वा..." एवढं म्हणाले.

आणि माझ्या मानेवर काहीतरी चाललं! बारीक, लांब, काटेरी पायांचं! कॉलरच्या आतून निघून केसांकडे! मला वाटलं कुंडातली ठिणगी उडाली. मी बसल्या जागेवरून जो उडालो तो थेट उभा! हात पाठीमागे घातला तर ते खाली सरकलं. मी गर्रकन फिरलो. ते आणखी सरकलं. मी दुसरीकडून फिरलो. धावून धावून दम तर आधीच लागला होता, तोंडातून शब्दाऐवजी नुसतं "हूं! हूं!" बाहेर पडायला लागलं.

मग धनीरामने ढोलावर टिपरी टाकली.

"देव आला!" कुणीतरी किंचाळलं. "खीमदाच्या अंगात देव आला!"

झालं! बायकांनी पदर सावरले, पुरुषांनी टोप्या काढल्या, अक्षता माझ्या अंगावर पडू लागल्या. मी "नाही, नाही" म्हणत हात हलवत होतो. पण देव अंगात आलेला माणूस दुसरं काय करतो? तोही हातच हलवतो! आणि धनीराम असा काही रंगात आला होता, की त्या ढोलावर लाकडाचा खांबसुद्धा नाचला असता. मला धरून देवळाच्या ओट्यावर बसवलं. कपाळावर भस्म लागलं.

पंडितजी हात जोडून पुढे आले. मघाशी माझ्यावर खेकसणारे पंडितजी! "देवा, आपण कोण? ओळख द्या."

आता मला काय माहीत मी कोण? तोंडात आलं ते बोललो. "राखणदार!"

"वनदेवता!" गर्दीतून लाट गेली.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. देवाची थट्टा करायची माझी छाती नाही. पण परात अजून कुंडाशेजारी होती आणि वेळ निघून चालला होता. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, "आई, घंटा वाहीन. पितळेची. मोठी. एवढं निभावून ने." आणि घसा खरवडून गरजलो, "दगडफूल जाळू नका!"

"नाही जाळणार, देवा!"

"चादर पसरा! पांढरी! एकेक तुकडा वेगळा मांडा! हळू! कुणी दाबू नका!"

आणि काय सांगू, ज्या गावात पंचायतीच्या सभेला चार माणसं जमत नाहीत, ते गाव चादरीभोवती गोल बसून एकेक दगडफूल, लोणच्याच्या फोडी उन्हात मांडाव्या तसं, मांडू लागलं. मी ओट्यावरून डोळे फाडून बघत होतो, एखादा तरी तुकडा चालतोय का म्हणून. एकही चालेना. पाठीवरचं ते जे काही होतं, तेही आता गप्प बसलं होतं. लोक मात्र गप्प बसेनात. देव रोज रोज हाती लागतो का?

पनुली रजई खांद्यावर टाकून तिथेही पोचली होती. "देवा, आमच्या पतरौल दाज्यूंनी सकाळी माझ्या रजईवर डोळा ठेवला, त्यांना क्षमा करा!"

"केली!" मी म्हटलं.

मग आमा पुढे आली. नाकाला चुना तसाच. तिने माझ्यापुढे, तिच्या पोटच्या पोरापुढे, डोकं टेकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"देवा," ती म्हणाली, "माझ्या नातीचं काम होऊ दे. आज तिची मास्तरीण येतेय. मला लिहितावाचता येत नाही, मी तिच्यासाठी दुसरं काय करणार? झाड तेवढं स्वच्छ केलंय. ते बघून तरी ती मास्तरीण हो म्हणेल, असं कर."

देवाच्या डोळ्यांत पाणी बघून गावाच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी कसंबसं "होईल" म्हणालो. कसं होणार होतं देव जाणे, म्हणजे खरा देव.

शेवटी खष्टी आली. तिने पदर डोक्यावर ओढला, हात जोडले आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. बाजारातून काहीतरी विसरून आलो की ती तशी बघते.

"देवा, तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या धन्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही. चष्मा पेटीत पडलाय. मी सांगून थकले, मुलगी सांगून थकली. आता तुम्हीच आज्ञा करा!"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघू लागलं. धनीरामने ढोलाची लय वाढवली.

"करा ना आज्ञा, देवा!" खष्टी गोड आवाजात म्हणाली.

"लावेल," मी पुटपुटलो.

"मोठ्याने, देवा! मागच्यांना ऐकू आलं नाही!"

"लावेल! उद्यापासून रोज लावेल!"

"जय हो!" गाव गर्जलं. खष्टी नमस्कार करून जागेवर गेली. जाताना तिचे खांदे हलत होते, रडून नक्कीच नाही.

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्यांवर हंसा दिसली. तिच्या मागे पाठीला पिशवी लावलेल्या, धापा टाकणाऱ्या लोहनी मॅडम. त्या घरावरूनच आल्या होत्या. झाड बघून आल्या होत्या. ते हंसाच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

ढोल थांबला. हंसाने चादरीवर मांडलेलं दगडफूल बघितलं, ओट्यावर भस्म लावून बसलेला बाप बघितला.

"झाड कुणी खरवडलं?" तिने हळूच विचारलं.

आमा लगबगीने पुढे झाली. "मी, बेटा! कसं छान दिसतंय ना?"

मला वाटलं आता ही ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने आमाच्या नाकावरचा चुना पुसला आणि म्हणाली, "खूप छान दिसतंय, आमा."

मॅडम वाईट नव्हत्या. त्या जरा वेळ चादरीपाशी वाकल्या, तुकडे बघितले, मग सरळ उभ्या राहिल्या. "हंसा, तुला फसवायचं नव्हतं हे मला कळतंय. पण मला नुसतं दगडफूल दिसतंय गं. तेव्हाही तेच दिसलं, आताही तेच दिसतंय. दिसल्याशिवाय मी कशी हो म्हणू?"

"बरोबर आहे, मॅडम," हंसा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की माझ्याने बसवेना. देव गेला उडत! मी ओट्यावरून उतरलो, गावाकडे पाठ केली आणि तिच्याजवळ गेलो. तिला म्हणणार होतो, चूक आमाची नाही, माझी आहे. मी राखण सोडून रजईमागे धावलो. एवढंच नाही, तर मला ती कधी दिसलीच...

"हंसा," मी तोंड उघडलं आणि तिला जवळ घेतलं. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि एकदम ताठ झाली.

"बौज्यू, हलू नका!"

"काय झालं?"

"अजिबात हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या." तिने मला दोन्ही दंडांना धरून, भरलेली घागर फिरवावी तसं, सावकाश फिरवलं आणि माझी पाठ मॅडमकडे केली. "मॅडम, ही बघा लाटी."

मॅडम जवळ आल्या. "कुठे?"

"कोटावर."

"कोट दिसतोय."

"डाव्या खांद्याच्या खाली बघा."

"तिथे ठिगळ आहे."

"ठिगळाच्या वर, मॅडम."

"वर दुसरं ठिगळ आहे, हंसा. आणि त्याची दशी..."

मॅडमचं बोलणं तिथेच थांबलं. कारण त्या दशीने, असं मला नंतर कळलं, एक पाय उचलला, आपली लांबलचक मिशी खाली ओढली आणि तोंडात धरून सावकाश साफ केली! मॅडम मटकन पायरीवर बसल्या. गाव पुढे झुकलं. आमासुद्धा "अगंबाई, हलतंय!" म्हणाली. पनुली रजईसकट पुढे घुसली. मुलंबाळं, म्हातारेकोतारे, धनीराम, पंडितजी, सगळ्यांनी लाटीला डोळे भरून बघितलं. अख्ख्या कफलानीत तिला न बघितलेला माणूस उरला एकच, कारण ती त्याच्याच पाठीवर बसली होती!

"आमा खरवडायला लागली तेव्हा ती जवळात जवळचं जुनं दगडफूल शोधत निघाली असणार," हंसा रडत रडत हसत होती. "आणि फांदीवर हा कोट होता!"

मॅडम गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, कितीतरी वेळ माझ्या पाठीमागे बसून होत्या. मला मुंग्या आल्या, पण मी हललो नाही. अल्मोड्याची शिकलेली बाई वनदेवतेपुढे गुडघे टेकून बसली, हे गावाने बघितलं आणि कुणाला काही शंका असलीच तर तीही फिटली. मॅडम उठल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. त्या हंसाला म्हणाल्या, "तुझा फोटो मी किती वेळा बघितला होता! ती त्यात होती, मलाच दिसली नाही. उद्या माझ्याबरोबरच चल. जागा तुझी."

आमाने ताबडतोब सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, की बघा, चुन्याचा किती उपयोग झाला.

दसऱ्याला सकाळी हंसाची पेटी अंगणात आली. लाटीला तिने अंगणाच्या कडेच्या बांजावर सोडलं होतं, तिथे दगडफूल भरपूर. सगळे वाटेपर्यंत पुढे गेले आणि आम्ही दोघं जरा मागे राहिलो. मला ती गोष्ट सांगून टाकायची होती.

"हंसा, एक सांगायचं राहिलं. लाटी मला..."

"दिसत नव्हती. माहीत आहे, बौज्यू. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही रोज रामराम करायचात ती दुसरीच फांदी होती."

"मग मला राखणीला कशाला बसवलंस?"

"तुम्ही झाडाखाली बसलात की गावात कुणाची हिंमत आहे झाडाजवळ यायची?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला किती बरं वाटत होतं." मग तिने पिशवीतून चष्मा काढला. माझाच! फेट्याखालून काढून आणला होता. "लावा आता. देवाची आज्ञा आहे."

नाही कसं म्हणणार? आज्ञा मीच केली होती. मी चष्मा नाकावर चढवला. बापरे! समोरच्या धारेवर झाडाला पानं होती, प्रत्येक पान वेगळं! पनुलीने पुन्हा वाळत घातलेल्या रजईवरची फुलं इथून दिसत होती. हंसाच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही दिसलं, आणि माझे डोळे भरून आल्यामुळे लगेच सगळं पुन्हा अंधुक झालं. पोरगी चालली होती. मी चष्मा पुसला आणि तिला दिसू नये म्हणून बांजाकडे तोंड फिरवलं.

आणि मला दिसली! बुंध्यापासून हातभर वर, अगदी स्पष्ट! पाय, पायांना झालरी, पाठीवरचे खवले, सगळं!

"हंसा! दिसली! देवाशप्पथ दिसली! ती बघ लाटी!"

हंसा धावत आली. माझ्या बोटाच्या रेषेत तिने बघितलं, जरा वेळ नीट बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बौज्यू," ती म्हणाली, "ते दगडफूल आहे."

असेल. तिचा अभ्यास आहे, ती म्हणते तर असेल. पण तुम्हाला म्हणून सांगतो, ते हललं होतं!